हाइन्झने औषध चोरावं का? कोहलबर्गचे नैतिक टप्पे आणि आपले वाद

तळटीप

एका बाईला दुर्धर कर्करोग झालाय. तिला वाचवेल असं एकच औषध आहे, रेडियमपासून केलेलं, आणि ते शोधून काढणारा औषधविक्रेता त्याच गावात राहतो. रेडियमचे त्याला २०० डॉलर पडलेत, पण एका छोट्याशा मात्रेचे तो २,००० मागतो. बाईचा नवरा हाइन्झ ओळखीच्या सगळ्यांपुढे हात पसरतो, तरी निम्मेच जमतात. तो विनवण्या करतो: कमी घ्या, किंवा उरलेले नंतर देतो. विक्रेता म्हणतो, औषध मी शोधलंय, त्यावर पैसे मीच कमावणार. शेवटी हाइन्झ दुकान फोडून औषध चोरतो. त्याने बरोबर केलं का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्गने शिकागो विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलांना (सगळे मुलगे, हे लक्षात ठेवा) असले पेच घातले. प्रबंध १९५८ चा. गंमत अशी, की 'चोरावं' म्हटलं काय आणि 'चोरू नये' म्हटलं काय, त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो पुढचा प्रश्न विचारायचा: का? आणि त्या 'का'च्या उत्तरावरून टप्पा ठरवायचा.

पहिल्या टप्प्यावरचं मूल म्हणतं, चोरू नये, पोलीस पकडतील. किंवा चोरावं, नाहीतर बायको मेली म्हणून त्याच्यावरच बालंट येईल. दोन्हीकडे शिक्षेची भीतीच बोलतेय. दुसऱ्यावर देवाणघेवाण सुरू होते: बायको उद्या त्याच्या उपयोगी पडेल, मग आज तिच्यासाठी धोका पत्करायला हरकत नाही. तिसऱ्यावर माणसं येतात. चांगला नवरा हेच करेल, त्याचा हेतू वाईट नाही, लोक समजून घेतील. चौथ्यावर एकदम समाज दिसू लागतो: प्रत्येकानेच आपापल्या अडचणीपायी कुलपं फोडली तर व्यवस्था उरेल का? पाचव्यावरचा माणूस म्हणतो की कायदा हा लोकांनी एकमेकांचे हक्क राखण्यासाठी केलेला करार आहे. तो जिवावर उठत असेल तर कायद्यातच काही चुकतंय आणि ते बदलायचे मार्ग हवेत. सहावा टप्पा तत्त्वाचा. आजारी बाई हाइन्झची कोणीही नसती तरी उत्तर तेच असतं का? विक्रेत्याच्या, बाईच्या, हाइन्झच्या, प्रत्येकाच्या जागी उभं राहून पाहिलं तरी ते टिकतं का?

पहिले दोन संकेतपूर्व, मधले दोन सांकेतिक, शेवटचे दोन संकेतोत्तर (संकेत म्हणजे समाजाने रूढ केलेले नियम). क्रम ठरलेला, उडी मारून पुढे जाता येत नाही, असा त्याचा दावा. त्याच मुलग्यांपैकी ५८ जणांना पुढची वीस वर्षं दर तीन-चार वर्षांनी गाठून पुन्हा मुलाखती घेतल्या. त्याचा अहवाल १९८३ साली आला आणि क्रम बऱ्यापैकी टिकलेला दिसला. बहुतेक जण मोठेपणी तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास, पाचव्यावर थोडेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या टप्प्यांवर माणसं मोजायला लागलं की सगळा विचका होतो. टप्पा युक्तिवादाचा असतो. एकच माणूस सकाळी ऑफिसात चौथ्या टप्प्याचं बोलतो आणि संध्याकाळी पार्किंगवरून भांडताना दुसऱ्याचं. पण कोहलबर्गला हे मान्य झालं नसतं, तो टप्प्याला माणसाच्या विचाराचा एकसंध साचा मानायचा. तुम्हाला काय वाटतं?

बिनशर्त

चोरावं. यात चर्चेसारखं काय आहे?

तळटीप

@बिनशर्त, तुमचा टप्पा अजून कळलेला नाही. का चोरावं?

बिनशर्त

कारण मीही चोरलं असतं.

तळटीप

यावर कोहलबर्गच्या मुलाखतकाराने आणखी चार प्रश्न विचारले असते. :)

खडूफळा

चांगला विषय. पण सुरुवात कोहलबर्गपासून का? त्याच्या मागे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे आहे आणि मला तर पियाजेच जास्त आवडतो, कारण तो आधी जमिनीवर बसून मुलांबरोबर गोट्या खेळला.

स्वित्झर्लंडमधल्या मुलांना तो विचारायचा: हे नियम कोणी केले? ते बदलता येतील का? लहान मुलं छातीठोकपणे सांगायची की नियम पहिल्यापासून आहेत, मोठ्यांनी नाहीतर देवाने केलेत, बदलले तर ती लबाडी. आणि तीच मुलं खेळताना ते नियम धड पाळतही नव्हती! दहा-अकराची मुलं मात्र म्हणायची, सगळ्यांना चालत असेल तर बदलू. नियम आधी पवित्र आणि मोडलेला, नंतर माणसांनी केलेला आणि पाळलेला. १९३२ च्या पुस्तकातलं हे निरीक्षण मला अजून ताजं वाटतं. शिक्षक म्हणून मी हे रोज बघतो.

त्याची कपांची गोष्टही बऱ्याच जणांना माहीत असेल. एक मुलगा दार उघडतो, दारामागे कप ठेवलेत याची त्याला कल्पना नाही, १५ कप फुटतात. दुसरा आई घरात नसताना कपाटातून जॅम चोरायला चढतो आणि एक कप फोडतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणतात पंधरावाला. मोठी म्हणतात जॅमवाला. नुकसान बघण्यापासून हेतू बघण्यापर्यंतचा प्रवास.

मात्र इथे एक खोट आहे. या जोडीत हेतूही वेगळा आणि नुकसानही वेगळं. पंधरा कपांचा खच डोळ्यांपुढे आणल्यावर चार वर्षांच्या पोराचं लक्ष दुसरीकडे जाईल कसं? नंतरच्या संशोधकांनी नुकसान सारखं ठेवून फक्त हेतू बदलला, तो स्पष्ट करून सांगितला, तेव्हा तीन-चार वर्षांची मुलंही 'त्याने मुद्दाम नाही केलं' हे धरून बोलू लागली. म्हणजे समज होती, प्रश्न तिला झाकून टाकत होता.

काजळरेघ

खडूफळा, +१. माझ्या घरात एक चार वर्षांचं नमुनेदार उदाहरण आहे. 'चुकून झालं' हे वाक्य त्याला दोन वर्षांपासून येतं आणि तो ते मुद्दाम केलेल्या गोष्टींसाठीच वापरतो.

विरोधी_बाक
*शिडी कोणाची?*

तळटीप, लेख नेटका आहे, पण मूळ सिद्धांतालाच माझी हरकत आहे.

शिडी केली की वरच्या पायरीवर कोण बसणार हे शिडी करणारा ठरवतो. पाचवा टप्पा म्हणजे काय? सामाजिक करार, व्यक्तीचे हक्क, घटनात्मक मार्गाने बदल. हे विसाव्या शतकातल्या शिकलेल्या अमेरिकन माणसाचं राजकीय मत आहे, त्याला मानवजातीच्या विकासाचा कळस म्हणायचं? सहावा टप्पा तर कांटच्या तत्त्वज्ञानातून उचललेला. आणि तो मुलाखतींत इतका कमी सापडला की गुणांकनाच्या अधिकृत पुस्तिकेतून कोहलबर्गलाच तो वगळावा लागला! ज्या पायरीवर कोणी सापडत नाही ती पायरी विकासाची कशी? तो आदर्श झाला. आदर्श मांडायला माझी ना नाही, पण त्याला मानसशास्त्र म्हणू नका.

७२ मुलगे, मुलगी एकही नाही. यावर माध्यान्ह लिहीलच, म्हणून थांबतो.

माध्यान्ह

लिहितेच.

कॅरोल गिलिगन हार्वर्डमध्ये कोहलबर्गच्या बरोबरीने काम करत होती. १९८२ च्या पुस्तकात तिने ११ वर्षांच्या दोन मुलांची उत्तरं शेजारी ठेवली. जेक म्हणतो चोरावं, पैशापेक्षा जीव मोलाचा. त्याला हा पेच माणसं घातलेल्या गणितासारखा वाटतो आणि तो ते पटकन सोडवतो. एमी म्हणते, चोरू नये, पण बायकोला मरूही देऊ नये. कर्ज काढता येईल, काही दुसरा मार्ग निघेल. चोरी करून तो तुरुंगात गेला आणि बायको पुन्हा आजारी पडली तर तिला कोण बघणार? विक्रेत्याला नीट समजावून सांगायला हवं.

आता गुण द्या. जेक वर, एमी खाली. कारण एमीने प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही! मुलाखतकार तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारते आणि एमीचा आवाज हळूहळू बुजरा होत जातो. मला तो भाग वाचताना संताप येतो. मुलीला प्रश्न कळला नाही असं नाही. विचारणारी विचारतेय 'चोरावं की नाही' आणि ही उत्तर देतेय 'काय करावं' याचं. तिच्या डोळ्यांपुढे तिघं माणसं आहेत आणि त्यांचं उद्याही एकमेकांशी काहीतरी नातं असणार आहे.

गिलिगन म्हणाली, न्यायाची नीती एक आणि काळजीची नीती दुसरी. दुसरीला कमी प्रतीची पहिली समजू नका.

तळटीप

माध्यान्ह, संताप समजतो, पण एक नोंद करायला हवी. बायकांना कोहलबर्गच्या पट्टीवर खरोखरच कमी गुण पडतात का, हे लॉरेन्स वॉकरने १९८४ साली उपलब्ध अभ्यास गोळा करून तपासलं. बहुतेकांत फरक आढळला नाही, आणि जिथे आढळला तिथे शिक्षण-नोकरीची तफावत आड येत होती. २००० साली जॅफी आणि हाइड यांनी काळजी आणि न्याय या दोन सुरांचा एकत्रित हिशेब केला. बायका काळजीकडे किंचित जास्त आणि पुरुष न्यायाकडे किंचित जास्त झुकतात, पण फरक लहान. म्हणजे दोन सूर आहेत हे खरं, त्यांची वाटणी बाई-पुरुष अशी सरळ होत नाही.

माध्यान्ह

मान्य. माझ्या दृष्टीने आकड्यांपेक्षा ते दोन सूर वेगळे ऐकू येणं जास्त महत्त्वाचं आहे. एमी मुलगा असती तरी माझा मुद्दा तोच राहिला असता.

नियमावली

बराच वेळ वाचतोय. माझं मत साधं आहे. चोरी ती चोरी. कारण कितीही उदात्त असो, कायदा मोडायचा अधिकार हाइन्झला कोणी दिला? आज औषध, उद्या दुसरं काही. प्रत्येकाला आपलं कारण उदात्तच वाटतं.

कोपरापासून

नियमावली, तुम्ही चौथ्या टप्प्यात अडकलेले दिसताय. :) पुढे सरका थोडे.

नियमावली

व्वा. म्हणजे माझं पटलं नाही की मी अविकसित. तुमच्या टप्प्याचा दाखला कुठून आणलात?

विरोधी_बाक

बघा, हेच मी म्हणत होतो. शिडी हातात आली की पहिला उपयोग समोरच्याला खालच्या पायरीवर उभं करण्यासाठी.

तळटीप

कोपरापासून, हे बरोबर नाही, आणि सिद्धांताच्या हिशेबानेही नाही. 'कायदा मोडू नये' हे उत्तर कुठल्याही टप्प्यावर देता येतं. नियमावलींचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: 'प्रत्येकाला आपलं कारण उदात्तच वाटतं.' यात व्यवस्था टिकवण्याचा मुद्दा आहेच, पण स्वतःच्या निवाड्यावर शंका घेणंही आहे. मी चुकू शकतो, म्हणून सर्वांना लागू होणाऱ्या पद्धतीने जावं. हा पाचव्या टप्प्याचा युक्तिवाद होऊ शकतो. पुढचे प्रश्न न विचारता टप्पा चिकटवता येत नाही.

याउलट कायदा मोडणारा वरच्या टप्प्यावरच असेल असंही नाही. १९६४ साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी भाषणस्वातंत्र्यासाठी विद्यापीठाच्या इमारतीत ठिय्या दिला, शेकडोंना अटक झाली. नोर्मा हान, ब्रूस्टर स्मिथ आणि जीन ब्लॉक यांनी विद्यार्थ्यांना कोहलबर्गचे पेच घातले (१९६८ चा लेख). अटक झालेल्यांत संकेतोत्तर विचारांचे विद्यार्थी अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि दुसऱ्या टप्प्याचेसुद्धा! एक तत्त्वासाठी बसलेला, शेजारचा 'मला कोण सांगणार' म्हणून बसलेला. घोषणा एकच, फलक एकच. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? मधल्या टप्प्यांचे विद्यार्थी तिथे कमी होते.

मला हा अभ्यास सगळ्या सिद्धांतातला सर्वांत कामाचा वाटतो. कृती बघून कारण ओळखता येत नाही.

कोपरापासून

स्मायली टाकली होती हो. बरं, मागे घेतो. पण नियमावली, खरंच विचारतो, कायदाच अन्यायाचा असेल तर?

नियमावली

तर बदलून घ्या. आणि बदलेपर्यंत मोडायचाच असेल तर उघडपणे मोडा आणि शिक्षा भोगा. हाइन्झ रात्री कुलूप तोडतो, त्याला माझा विरोध आहे. सकाळी दुकानात जाऊन सगळ्यांसमोर औषध उचलून पोलिसांची वाट बघत बसला असता तर मी कदाचित त्याच्या बाजूने बोललो असतो.

माध्यान्ह

हे आवडलं.

अर्धविराम
*शिडी आपल्याला लावून बघितली तर*

विरोधी_बाक यांच्या शंकेवर थोडी भर. जॉन स्नेरीने १९८५ साली २७ देशांतले ४५ अभ्यास एकत्र तपासले. पहिले चार टप्पे जवळपास सगळीकडे त्याच क्रमाने सापडले. म्हणजे कोहलबर्ग अगदीच हवेत नव्हता. पण पाचवा टप्पा शहरी, शिकलेल्या समाजांतच दिसला, खेड्यांतल्या आणि टोळीसमाजांतल्या अभ्यासांत जवळजवळ नाहीच. आता दोनच अर्थ निघतात: एक तर ही माणसं चारवर थांबली, नाहीतर त्यांचं पुढचं शहाणपण पट्टीवर उमटत नाही. स्नेरीने स्वतः इस्रायलमधल्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, मुलाखती घेतल्या होत्या. तिथले लोक सामूहिक मालकी आणि समतेच्या तत्त्वावरून अगदी विचारपूर्वक बोलत, पण गुणांकनाच्या पुस्तिकेत त्या युक्तिवादाला खणच नव्हता.

आपल्याकडचे दोन अभ्यास तर मुळातून वाचावेत असे आहेत. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना बारीकसारीक प्रसंगांची यादी दिली आणि विचारलं, यात चूक आहे का, किती मोठी (१९८७). वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोत खांदे उडवले, भुवनेश्वरमध्ये तो यादीतल्या सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक. नुसता रिवाज मोडला असं ते म्हणत नव्हते, मृताच्या आत्म्याचं नुकसान होतं म्हणत होते. श्वेडरने पुढे नीतीच्या तीन भाषा मांडल्या: स्वायत्ततेची, समूहाची आणि पावित्र्याची. कोहलबर्गला यातली पहिलीच नीट ऐकू येत होती.

दुसरा अभ्यास मिलर आणि बर्सॉफ यांचा, १९९२ चा, म्हैसूर आणि न्यू हेवन इथला. पेच असा: बेनला जिवलग मित्राच्या लग्नाला पोचायचंय, अंगठ्या त्याच्याकडे आहेत. स्टेशनवर पाकीट चोरीला जातं. कोणी उसने पैसे देत नाही. शेजारचा सुखवस्तू माणूस क्षणभर उठून जातो, त्याच्या कोटाच्या खिशातून तिकीट डोकावतंय, आणि दुसरं काढण्याइतके पैसे त्याच्याकडे आहेत. घ्यावं? अमेरिकन उत्तरं बहुतांशी 'नको, चोरी आहे' अशी. भारतीय उत्तरांचा कल 'घे, मित्राला तोंडघशी पाडू नकोस' याकडे.

कोहलबर्गच्या नजरेने मित्रासाठीचं हे उत्तर तिसऱ्या टप्प्याचं: नातं, लोकांच्या अपेक्षा. मिलरचं म्हणणं वेगळं आहे. मित्राला दिलेला शब्द ही त्या लोकांना वैयक्तिक आवड वाटत नाही, कर्तव्य वाटतं, न्यायाइतकंच बंधनकारक.

नियमावली

तिकीट घेऊ नये. मी भारतीय आहे.

अर्धविराम

:D सरासरीतून तुम्हाला सूट.

विरोधी_बाक

अर्धविराम, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण लगेच दुसऱ्या टोकाला जायला नको. 'त्यांची नीती वेगळी, आमची वेगळी' म्हटलं की जुलूमसुद्धा संस्कृतीत जमा होतो. पावित्र्याच्या भाषेत किती जणांना दाराबाहेर उभं ठेवलं गेलं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

तळटीप

विरोधी_बाक, गंमत बघा, तुम्ही आता पाचव्या टप्प्याच्या बाजूने बोलताय. आणि कॉलेजात जाताच पोरं 'सगळं सापेक्ष असतं' म्हणू लागतात, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न कोहलबर्गलाही पडला होता. चौथ्यातून बाहेर पडलेली पण पाचव्यात न पोचलेली ही मंडळी. त्यांच्यासाठी त्याने साडेचारवा टप्पा काढला.

विरोधी_बाक

माझी शंका शिडीवर होती, हक्कांवर नव्हती. पण 'साडेचार' भारीच. सिद्धांताला ठिगळ लावायचं तर असं.

खडूफळा

एलियट ट्युरिएलचा उल्लेख अजून आला नाही. कोहलबर्गच्या मते रिवाज आणि नीती वेगळ्या असतात हे माणसाला फार उशिरा, जवळपास पाचव्या टप्प्यावर कळतं. ट्युरिएल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना साधा प्रश्न विचारला: खेळणी जागेवर न ठेवणं चूक आहे का? हो. आणि बाईंनी चालेल म्हटलं तर? मग चालेल. बरं, दुसऱ्याला मारणं चूक आहे का? हो. बाईंनी चालेल म्हटलं तर? तरी नाही, त्याला लागतं.

तीन-चार वर्षांची मुलं! त्यांच्या लेखी काही नियम बाईंचे असतात आणि काही बाईंनाही बदलता येत नाहीत. माझ्या मते कोहलबर्गला बसलेला सगळ्यात मोठा धक्का हाच. गिलिगनपेक्षाही मोठा. त्याने मुलांना औषधविक्रेता, कायदा, मालमत्ता अशा गुंतागुंतीत टाकलं, आणि मुलं गोंधळून शिक्षेबद्दल बोलू लागली.

काजळरेघ

म्हणजे माझ्या चिरंजीवांना सगळं कळतं! मग ते करत का नाहीत?

अर्धविराम

काजळरेघ, यावरही अभ्यास आहे, वाचून बरं वाटेल किंवा वाटणार नाही. गेर्ट्रुड नुनर-विंकलर आणि बिआटे झोडियान यांचा, १९८८ चा. एका मुलाने दुसऱ्याची मिठाई चोरली, पकडला गेला नाही. त्याला आता कसं वाटत असेल? चार वर्षांची मुलं सांगतात, चोरी वाईट. आणि त्याच दमात सांगतात, त्याला मस्त वाटत असेल, मिठाई मिळाली ना! आठ वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, त्याला वाईट वाटत असेल. नियम माहीत असणं आणि नियम मोडल्यावर आतून टोचणी लागेल असं वाटणं, यात काही वर्षांचं अंतर आहे.

काजळरेघ

आठव्या वर्षापर्यंत धीर धरते.

कोपरापासून

मोठ्यांचं काय पण? मला अशी माणसं माहीत आहेत जी सहाव्या टप्प्याचं भाषण देतात आणि पहिल्या टप्प्याचं वागतात.

तळटीप

हे दुखणं कोहलबर्गच्या आधीपासूनचं. हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी १९२० च्या दशकात सुमारे ११,००० शाळकरी मुलांना फसवणुकीच्या, खोटं बोलण्याच्या संधी मुद्दाम देऊन पाहिल्या. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन गट पडतील ही अपेक्षा. पडलेच नाहीत. परीक्षेत कॉपी करणारा खेळात प्रामाणिक, घरी खोटं बोलणारा शाळेत खरा. नियम किती चांगले पाठ आहेत याचा वागण्याशी संबंध अगदी पुसट.

जेम्स रेस्ट हा कोहलबर्गच्याच वाटेवरचा, त्याने नैतिक निवाडा मोजणारी लेखी चाचणी तयार केली. तो म्हणाला की निवाडा हा चारातला एक भाग. आधी इथे काही नैतिक प्रश्न आहे हे दिसायला हवं. मग निवाडा. मग इतर हव्या असलेल्या गोष्टींपुढे त्याला पहिलं स्थान द्यायला हवं. आणि शेवटी ते तडीस नेण्याची धमक हवी. भाषणवाल्या माणसाचं घोडं बहुधा तिसऱ्या भागात अडतं.

विरोधी_बाक

किंवा निवाडाच नंतर येतो! जोनाथन हाइटचा २००१ चा लेख. आधी आतून 'शी!' किंवा 'वा!' होतं, मग डोकं वकिलासारखं कारणं शोधायला निघतं. त्याच्या आधीच्या एका अभ्यासात प्रसंग होता: बाईला कपाटात देशाचा जुना झेंडा सापडतो, तो कापून ती त्याच्या चिंध्यांनी न्हाणीघर पुसते. कोणी पाहिलेलं नाही. चूक? लोक म्हणतात हो. कोणाचं नुकसान झालं? तिथे लोक नुकसान झालेला माणूस शोधून काढायला लागतात, आणि तो सापडला नाही तरी मत सोडत नाहीत.

हे खरं असेल तर तळटीपचे सहा टप्पे म्हणजे वकिलीच्या सहा इयत्ता. निकाल आधीच लागलेला आहे.

तळटीप

'वकिलीच्या सहा इयत्ता' हे मी ढापणार आहे. पण पूर्ण पटत नाही. एकट्याने विचार करताना माणूस वकील असतो, हे बऱ्याच अंशी खरं. समोर दुसरा वकील आला की काही वेळा माघार घ्यावी लागते. याच धाग्यावर कोपरापासून यांनी घेतली. हाइटही मान्य करतो की दुसऱ्याच्या बोलण्याने आपली आतली प्रतिक्रिया बदलू शकते.

बिनशर्त

अवांतर: कोहलबर्ग स्वतः तस्करी करत होता ना?

तळटीप

हो! जन्म १९२७ चा. महायुद्धानंतर व्यापारी जहाजावर होता, मग 'पादुका' नावाच्या जहाजावर स्वयंसेवक म्हणून गेला. (आपल्या पादुका नव्हेत, अमेरिकेतल्या गावाचं नाव.) युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला पोचवायचं काम. निर्वासितांसाठी बसवलेल्या फळ्यांच्या बिछान्यांबद्दल तपासनिसांनी विचारलं तर 'केळी ठेवायला' असं सांगितलं. १९४७ साली ब्रिटिशांनी जहाज पकडलं, त्याला सायप्रसच्या छावणीत ठेवलं, तिथून तो निसटला. दहाएक वर्षांनी तो मुलांना विचारत होता की जीव वाचवायला कायदा मोडावा का.

नियमावली

आणि तपासनिसांशी खोटं बोलला. ठीक आहे. या बाबतीत मला विचार करावा लागेल.

काजळरेघ

इतकं वाचल्यावर एक व्यावहारिक प्रश्न. पोराला वाढवताना यातलं काय वापरायचं?

खडूफळा

जे मला पटलंय ते सांगतो. मार्टिन हॉफमनने पालकांच्या शिस्तीचे तीन प्रकार केले: धाक, माया काढून घेणं, आणि कारण सांगणं. कारणही अमूक एक प्रकारचं: 'तू ढकललंस, बघ ती रडतेय, तिला लागलंय.' म्हणजे मुलाची नजर शिक्षेकडून दुसऱ्या माणसाकडे वळवायची. याचा दुसऱ्यांची पर्वा करण्याशी चांगला संबंध दिसतो, धाकाचा नाही. वाक्य छोटं हवं. पाच मिनिटांच्या प्रवचनात ती रडणारी मुलगी हरवते.

बक्षीसं जपून. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर बघितलं. हातातून पडलेली वस्तू उचलून देण्याचं काम ही मुलं आपणहून करतात. काहींना प्रत्येक वेळी खेळणं दिलं. नंतर खेळणं बंद केल्यावर त्यांची मदत कमी झाली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची झाली नाही. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर मूल आपोआप असतं असं आपण म्हणतो, पण चांगल्या वागण्याबद्दल ताऱ्यांचे तक्ते आणि चॉकलेटं देऊन आपणच त्याला तिथे ओढत नाही ना, अशी मला शंका येते.

माध्यान्ह

शाळेत काय करता मग? तक्ते तर सगळीकडे असतात.

खडूफळा

माझ्या वर्गातले काढले. बाकी कोहलबर्गने शेवटी केलं त्यातलं थोडं. मोशे ब्लाटने वर्गात पेचांवर चर्चा घेऊन पाहिल्या, मुलांचे टप्पे थोडे सरकले. पण चर्चेतला हाइन्झ मुलांचा कोणीच नसतो. म्हणून १९७४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'क्लस्टर स्कूल' सुरू झालं. नियम दर आठवड्याच्या सभेत ठरवायचे, शिक्षकाला एक मत, विद्यार्थ्याला एक मत.

तिथे चोऱ्या होत होत्या. एकदा एका मुलीच्या पर्समधून पैसे गेले, चोर कबूल होईना. सभेत वाद झाला. शेवटी ठरलं की सगळ्यांनी थोडे थोडे सेंट काढून तिचे पैसे भरून द्यायचे, कारण चोरी तिची एकटीची नाही, सगळ्या शाळेची झाली.

विरोधी_बाक

आणि ज्याला द्यायचे नव्हते त्याचं काय? बहुमताने चांगुलपणा वसूल करायचा हा मला दुसऱ्या बाजूने धाकच वाटतो.

खडूफळा

काहींनी हाच आक्षेप घेतला असणार, वर्गात माझ्याकडेही घेतात. माझं उत्तर: तो आक्षेप त्याला सभेत मांडता येत होता, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हाही. धाकात ती सोय नसते.

विरोधी_बाक

पंधरा वर्षांच्या मुलाला साठ जणांपुढे उभं राहून 'मी देणार नाही' म्हणता येतं असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. गुप्त मतदान असतं तर गोष्ट वेगळी.

खडूफळा

गुप्त मतदानाचं पुढच्या सभेत मुलांपुढे ठेवतो. ती काय म्हणतात ते इथे लिहीन.